पोहे, नाचणी आणि पहिली ऑल-ग्रेन बिअर : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी किटमधून बिअर कशी करायची ते लिहिलं होतं. डब्यातलं घट्ट मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट पाण्यात घालायचं, हॉप्स (एका वेलीची कडसर, वासाची फुलं) टाकून उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं, झालं. त्यावर जे मेल आले त्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं एकच की किट दोनदा करून झालं, आता थेट धान्यापासून करायचीय पण धीर होत नाही. म्हणून या वेळी फक्त ऑल-ग्रेन. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय (का ते मला कळतं, मंडळातल्या काकू पण हे वाचतात), त्यामुळे फक्त गावं देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं अपार्टमेंटमध्ये राहतो, कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आहे, बाल्कनीत बर्नर लावायला परवानगी नाही. ऑल-ग्रेनला तीन मोठी भांडी, कूलर, पंप असं काय काय लागतं म्हणे. आमच्यासारख्यांनी नादच सोडावा का? – जर्सी सिटी

नाही हो, अजिबात नाही. आणि एक आधीच सांगते, प्रोपेनचा बर्नर घरात आणून लावायचा विचारही करू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात. शेगडी पुरते.

आधी ऑल-ग्रेन म्हणजे काय ते. किट म्हणजे दुकानातलं तयार इडलीचं पीठ आणि ऑल-ग्रेन म्हणजे घरी भिजवून वाटलेलं, फरक एवढाच. बार्ली म्हणजे आपला सातू, तो भिजवून मोड आणून वाळवला की झाला मॉल्ट, आणि हे आपल्या आज्या नाचणी सत्वासाठी करायच्याच की. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची एन्झाइम्स तयार होतात, ती स्टार्चची साखर करतात (पोळीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना, ते लाळेतलं अमायलेज). तुम्हाला करायचंय काय, तर हा मॉल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचा म्हणजे एन्झाइम्सना त्यांचं काम करता येईल. याला मॅश म्हणतात. बाकी सगळं तुम्ही किटमध्ये केलंयच.

तीन भांड्यांची गरज ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी मोडीत काढली, त्यांची ब्रू इन अ बॅग पद्धत म्हणजे एक मोठं पातेलं आणि एक मोठी जाळीदार कापडी पिशवी. चक्का बांधतो ना फडक्यात, तसंच, फक्त पिशवी पातेल्याच्या तोंडाला बसेल एवढी मोठी. आणि पहिल्या वेळी पाच गॅलन करू नका, दहा लिटर करा, तुमच्या शेगडीला तेवढंच झेपेल.

मी पहिल्यांदा करणाऱ्या सगळ्यांना एकच रेसिपी देते, एक धान्य, एक हॉप. अडीच किलो अमेरिकन टू-रो मॉल्ट, दुकानातूनच भरडून आणा. कॅस्केड हॉप्स ४५ ग्रॅम, आणि यूएस-०५ च्या सुक्या यीस्टचं एक पाकीट, दहा लिटरला ते जरा जास्तच होतं पण जास्तीने बिघडत नाही. कॅस्केड का, तर मिळतो सगळीकडे, स्वस्त आहे, आणि त्याचा तो लिंबू-पपनसासारखा वास चुकत नाही, १९७२ साली ओरेगनमधून तो बाहेर आला आणि अमेरिकन पेल एलची जी चव आपण ओळखतो ती बरीचशी त्याचीच.

वीस लिटरच्या पातेल्यात सोळा लिटर पाणी घ्या. सोळा का, तर दहा फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) जाणार, तीनेक लिटर तासाभराच्या उकळीत उडणार, दोनेक लिटर धान्य पिऊन टाकणार आणि लिटरभर तळाच्या गाळात जाणार. पाणी ७० डिग्री सेल्सिअसला आणा, पिशवी लावा, भरड हळूहळू सोडा आणि उलथन्याने हलवत राहा, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, उपम्याचा रवा सोडतो तसं. धान्य थंड असतं त्यामुळे तापमान आपोआप ६७ ला येऊन थांबेल, म्हणजे तुमच्या थर्मामीटरवर १५२ फॅरनहाइट. शेगडी बंद, झाकण लावा, वरून जुनी गोधडी नाहीतर दोन जाड टॉवेल गुंडाळा (शेगडी गार झाल्याची खात्री करून, कॉइल खूप वेळ तापलेली राहते) आणि एक तास हात लावू नका. मध्ये एकदा बघायला हरकत नाही, दोन डिग्री खाली आलं असेल तरी जीव टाकू नका.

हे ६७ काय आहे ते जरा सांगते कारण सगळी गंमत तिथेच आहे. दाण्यात दोन प्रकारचं अमायलेज असतं, एक साधारण ६० ते ६५ ला खूश असतं आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर करतं, दुसरं ७० च्या आसपास जोरात चालतं आणि त्याचे तुकडे मोठे, काही यीस्टला न पचणारे. म्हणजे ६४ ला मॅश केलं तर बिअर हलकी, कोरडी होते, ६९ ला केलं तर अंगाने जाड आणि गोडसर. ६७ म्हणजे दोघांनाही थोडं थोडं.

तासाने चव घ्या, पाणी चहापेक्षा गोड लागेल आणि स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो सांगून कळायचा नाही. मग पिशवी वर उचला, चाळणीवर ठेवून निथळू द्या, हातमोजे घालून खुशाल पिळा. आता हे गोड पाणी म्हणजे वर्ट, ते उकळायचं. झाकण ठेवून उकळी आणा पण उकळी आली की झाकण काढा, आणि पातेल्यासमोरून हलू नका, पहिल्या दहा मिनिटांत दुधासारखं उतू जातं आणि दुधापेक्षा वाईट चिकटतं, माझ्या शेगडीच्या कॉइलखाली अजून एक काळा डाग आहे. फेस बसला की १५ ग्रॅम हॉप्स टाका आणि तासाचं घड्याळ लावा, शेवटची दहा मिनिटं राहिली की आणखी १५, आणि गॅस, म्हणजे तुमची शेगडी, बंद केल्यावर उरलेले १५. पहिल्या हॉप्सचा कडूपणा येतो, शेवटच्यांचा वास.

मग सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून २० डिग्रीपर्यंत गार करायचं. यीस्टचं विरजणासारखंच आहे, गरम दुधात विरजण घातलं तर काय होतं माहितीये ना. आणि उकळी संपल्यानंतर वर्टला जे जे लागेल, चमचा, नळी, फर्मेंटर, ते सगळं सॅनिटायझरमधून काढलेलं हवं. उकळीच्या आधी मात्र एवढं सोवळं पाळायची काही गरज नाही, तेव्हा पिशवी खाली पडली तरी धुऊन घ्या आणि पुढे चला.

प्रश्न : पहिली ऑल-ग्रेन बॅच केली, १९ लिटर. रेसिपीत ओजी (आंबण्याआधीची वर्टची घनता, साखर जास्त तर आकडा मोठा) १.०४८ लिहिलं होतं, ती मोजणारं माझं हायड्रोमीटर १.०३२ दाखवत होतं. मॅश झाल्यावर, उकळल्यावर, सगळं नीट केलं होतं. गडबडीत वर्ट ६० डिग्रीला असतानाच मोजलं एवढंच. मग घाबरून अर्धा किलो साखर उकळून टाकली. धान्य खराब होतं का? दुकानदाराला परत देऊ का? – डॅलस

बिचाऱ्या दुकानदाराला काही बोलू नका! तुमचं सगळं बरोबर होतं, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. हायड्रोमीटर साधारण १५-२० डिग्रीच्या द्रवासाठी बनवलेलं असतं, गरम द्रव पातळ असतो त्यामुळे ते जास्त बुडतं आणि आकडा कमी दिसतो. ६० डिग्रीला हा फरक जवळजवळ ०.०१६ पडतो. आता १.०३२ मध्ये तेवढे मिळवा बघू. बरोबर १.०४८!

म्हणजे बॅच पहिल्याच फटक्यात नेम धरून बसली होती आणि तुम्ही वरून अर्धा किलो साखर ओतलीत. तिचे साधारण दहा पॉइंट, म्हणजे १.०५८. ही बिअर साडेसहा टक्क्यांच्या जवळपास जाईल, साखर पूर्ण पचत असल्यामुळे जरा पातळ आणि कोरडी लागेल, वाईट नाही लागणार, फक्त पाहुण्यांना पहिला ग्लास देताना सांगून टाका. पुढच्या वेळी अर्धी वाटी वर्ट फ्रीजमध्ये ठेवून २० डिग्रीच्या आसपास येऊ द्यायचं आणि मग मोजायचं.

बाकीच्यांसाठी, ज्यांचा आकडा गार करून मोजला तरी कमीच येतो, त्यांनी सगळ्यात आधी भरड बघा. आख्खा दाणा राहिला तर आतला स्टार्च पाण्याला भेटतच नाही. मिक्सरमधून काढला तर पीठ होतं, पिशवीतून गाळ येतो आणि तीन भांड्यांच्या पद्धतीने जाळीवर मॅश करणाऱ्यांचं तर सगळं तुंबून बसतं. आपल्याला हवा तो भरडा, दाण्याचे चार-पाच तुकडे झालेत पण वरचं टरफल बऱ्यापैकी शाबूत आहे असा, जात्यावरच्या डाळीसारखा. दुकानात सांगा की पिशवीत करणार आहे, जरा बारीक काढा.

दुसरं थर्मामीटर. माझी तिसरी बॅच, मिशिगनची थंडी, बेसमेंटमध्ये सगळं आवरून मी खूश, आणि बिअर १.०२२ ला येऊन बसली ती हलेचना. प्यायला काढ्यासारखी गोड. आठवडाभर यीस्टला शिव्या दिल्या, मग कुणीतरी सांगितलं म्हणून थर्मामीटर उकळत्या पाण्यात घातलं तर ते ९५ दाखवत होतं, म्हणजे मी ६७ समजून ७२ ला मॅश केलं होतं. तेव्हापासून दर वेळी तपासते, भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर. मात्र डेन्व्हरवाल्यांनी उकळीवर भरवसा ठेवू नये, तिथे उंचीमुळे पाणीच साधारण ९५ ला उकळतं, त्यांनी बर्फावर तपासा.

शंका असेल तर आयोडीनची परीक्षा घ्या, शाळेत बटाट्यावर केली होती तीच. मॅशमधला चमचाभर द्रव बशीत, त्यावर आयोडीनचा थेंब, निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं थांबा. ती बशीतली वर्ट परत पातेल्यात टाकू नका.

प्रश्न : बिअरमध्ये पोहे घातले तर चालतील का? हसू नका. आणि नाचणी, ज्वारी यांचं काय? – लंडन

हसत नाहीये, मी घालते! तुमच्याकडे तर घरी बिअर करायला १९६३ पासून लायसन्स लागत नाही, म्हणजे अमेरिकेच्याही आधीपासून, तेव्हा करा प्रयोग.

मुद्दा असा आहे की स्टार्च आधी फुलून मऊ झाल्याशिवाय एन्झाइम्सना तो फोडता येत नाही. बार्लीचा स्टार्च मॅशच्याच तापमानाला फुलतो, पण तांदळाला आणि ज्वारीला त्याहून जास्त उष्णता लागते, म्हणून कच्चे तांदूळ मॅशमध्ये टाकले तर तासाने कच्चेच बाहेर येतात. ते आधी मऊ भात करून घालायचे. पोहे मात्र साळ भिजवून, भाजून, दाबून केलेले, त्यांचा स्टार्च आधीच फुललेला, त्यामुळे ते थेट मॅशमध्ये जातात. इथली दुकानं फ्लेक्ड राइस म्हणून महाग विकतात ते वेगळं काय असतं हो? एकूण धान्याच्या १५-२० टक्के पोहे, बाकी मॉल्ट. बिअर फिकट आणि हलकी होते, उन्हाळ्यात बरी वाटते. पातळ पोहे घ्या, जाडेही चालतात. फक्त दडपे पोह्यांचं तयार पाकीट उघडू नका, त्यात मीठ-मसाला असतो (विचारलं होतं एकाने).

नाचणीची गोष्ट निराळी. मोड आणलेल्या नाचणीत स्वतःची एन्झाइम्स चांगली असतात, पण तिचाही स्टार्च जरा उशिरा फुलतो आणि दाणा इतका बारीक की टरफलाची जाळी तयार होत नाही, सगळा चिखल होतो. पिशवी असेल तर चालून जातं. पहिल्या बॅचला दहा टक्क्यांवर जाऊ नका. आणि बाजारातलं नाचणी सत्व घालणार असाल तर पाकीट वाचा, बऱ्याचदा त्यात साखर, दूध पावडर, वेलची असते. ज्वारी दुसऱ्या वर्षी करा, आत्ता नको.

धणे मात्र कधीही. बेल्जियन व्हिटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असतेच, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत दहा लिटरला पाच-सहा ग्रॅम धणे ओबडधोबड कुटून. भाजू नका, नाहीतर आमटीचा वास येतो.

प्रश्न : बिअरला बँड-एडसारखा, दवाखान्यासारखा वास येतोय. सगळं सॅनिटाइझ केलं होतं. – फ्रीमाँट

पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन बिअरमधल्या फिनॉलना जाऊन मिळतं आणि हा वास येतो, अगदी थोडं असलं तरी. क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. कॅम्पडेनची गोळी मिळते, तिचा पाव तुकडा पाच गॅलन पाण्याला पुरतो, चुरा करून मॅशच्या आधी ढवळायचा, काही मिनिटांत काम होतं. भांडी ब्लीचने धुतली असतील तर तेही कारण असू शकतं, ब्लीच सोडाच. ही बॅच मात्र सुधारणार नाही, ओतून टाका.

प्रश्न : पाचव्या दिवशी एअरलॉकमधले (फर्मेंटरच्या झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले. लाँग वीकेंडला मित्र येणार आहेत, बाटल्या भरू का? – शार्लट

नको!! एअरलॉक म्हणजे घड्याळ नाही, झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटरने मोजा, दोन-तीन दिवसांनी परत मोजा, आकडा तोच असेल तर झालं. समजा १.०४५ ने सुरू केली असेल तर ती १.०१० च्या आसपास थांबायला हवी, दोन्हींतला फरक गुणिले १३१ केला की अल्कोहोलचा टक्का मिळतो, साडेचारच्या जरा वर. आकडा थांबल्यावरही मी दोन-तीन दिवस तशीच ठेवते, कच्च्या बिअरला हिरव्या सफरचंदासारखी जी चव असते ती यीस्ट स्वतःच आवरून घेतं. एकूण दोन आठवडे धरा.

घाईत भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि हे गंमत म्हणून सांगत नाहीये, काचा भिंतीत घुसतात. गॅससाठी लिटरमागे सहा ग्रॅम साधी साखर, दहा लिटरला साठ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून गार करून सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळायची. चमचा चमचा प्रत्येक बाटलीत घालू नका, एखाद्या बाटलीत दोनदा पडतोच. वजनकाट्यावर मोजा, वाटीने नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घेऊ नका. मग दोन आठवडे खोलीच्या तापमानाला. त्या वीकेंडला मित्रांना विकतची पाजा.

प्रश्न : मी पुण्यात राहतो, बहिणीने तुमचा अंक पाठवला. इथे घरी करता येईल का? – पुणे

नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि थोडीशी, घरच्यापुरती, विकायला नाही, अशी सवलत त्यात नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली (एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोघं असतील तर दोनशे, विकायची नाही), तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती. तुमच्याकडे २००९ मध्ये दूलाली सुरू झालं तेव्हापासून मायक्रोब्रुअरीज बऱ्याच झाल्यात, एखाद्या निवांत दुपारी जाऊन त्यांच्या ब्रुअरला विचारा मॅश बघू देतो का.

प्रश्न : पिशवीतला चोथा टाकून देताना जिवावर येतं. आणि सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत, त्यांना काय सांगू? – ट्रॉय, मिशिगन

चोथ्यातली साखर गेली तरी प्रोटीन आणि फायबर भरपूर उरतं. त्याच दिवशी काहीतरी करा, ओला चोथा दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. ओव्हनमध्ये १०० डिग्रीला ट्रेवर पसरून मधून मधून हलवत कडकडीत वाळवा, मग मिक्सरला पीठ करून डब्यात भरा. भाजणीत चौथा हिस्सा घालून थालीपीठ उत्तम होतं, त्याहून जास्त घातलं तर टरफलं दातात येतात. कुत्रा असेल तर हॉप्स लागलेलं काहीही त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, मॅशचा चोथा हॉप्सच्या आधी काढलेला असतो म्हणून तो ठीक.

सासूबाईंचं म्हणाल तर माझ्या आल्या होत्या तेव्हा मी आठवडाभर फर्मेंटरवर चादर टाकून ठेवली होती. एका सकाळी खाली आल्या, चादर उचलली, वास घेतला, म्हणाल्या, सातूला मोड काढलेस का, मग इतकं पाणी कशाला घातलंस. मी खरं काय ते सांगितलं. त्यावर त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाल्या, आमच्यात हे बोट बुडवून कळायचं. पुढच्या बॅचला मॅश त्यांनीच ढवळला. बिअर चाखली नाही, थालीपीठं मात्र दोन खाल्ली.